माळ, भीमा आणि मास्तरांचा कॅमेरा : वाचक विचारतात

गेल्या अंकात माझी चार ओळींची ओळख छापून आली. सोलापुरात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, जमेल तेव्हा नान्नजच्या माळावर नाहीतर भीमा-सीनेच्या काठावर कॅमेरा घेऊन पडलेला असतो, एवढंच होतं त्यात. तरी प्रश्न मात्र बक्कळ आले. काही एकसारखे होते ते एकत्र केलेत, "सर लग्नाचं शूटिंग करता का" हे तिघांनी विचारलंय, त्यांना इथंच सांगतो, नाही करत.

सर, कॉलेज सांभाळून हे सगळं कधी करता? तुमचा दिवस कसा असतो? मला पण हेच करायचंय पण घरचे म्हणतात आधी नोकरी बघ. (बारावी सायन्सची विद्यार्थिनी, मोहोळ)

घरचे बरोबर म्हणतात गं, आधी ते मान्य करून टाकू. फिल्म करून घर चालवणारे आपल्या देशात बोटांवर मोजण्याइतके असतील, बाकी आमच्यासारखे पगारावर जगून छंद करणारे.

दिवस म्हणशील तर उन्हाळ्यात पहाटे साडेचारला गाडीला किक मारायची, मार्डी रोडनं नान्नज गाठायचं, उजाडायच्या आत ट्रायपॉड लावून गप बसायचं आणि साडेआठला गाशा गुंडाळायचा. साडेआठलाच का, तर त्यानंतर माळ तापतो, झळा सुरू होतात आणि लांबच्या लेन्समधून दोनशे मीटरवरचं काळवीट पाण्यात बुडाल्यासारखं हलायला लागतं, फोकस कितीही मारा काही उपयोग नाही, महागडी लेन्स असली तरी नाही, कारण दोष हवेचा असतो. मग घरी येऊन आंघोळ, कडक भाकरी-शेंगाचटणी बांधून घ्यायची आणि दहाला लेक्चर. बुटाला माती असते, पोरं ओळखतात, "सर आज काय दिसलं" म्हणून पहिली पाच मिनिटं खातात, मी पण खाऊ देतो.

दुपारी प्रॅक्टिकल, जर्नल तपासणं, नॅकची फाईल, मीटिंग, पेपर सेटिंग, परीक्षेच्या दिवसात सुपरव्हिजन, हे सगळं कुठल्याही मास्तराला असतं तेवढं मलाही आहे. शोधनिबंध लिहिला की प्रमोशनच्या फॉर्मात त्याला सरळ रकाना असतो, फिल्मसाठी मात्र रकाना शोधत बसावं लागतं. म्हणून मी दोन्ही करतो. खरं सांगायचं तर वर्षातला शूटिंगचा वेळ मोजला तर फार थोडा भरेल, बाकी सगळा वेळ फुटेज बघणं, नावं टाकणं, परवानग्यांचे अर्ज आणि बॅटऱ्या चार्ज करणं यात जातो. हे आवडणार असेल तर ये या लाईनीत. फक्त वाघ-बिबट्याचा क्लोजअप पाहिजे असेल तर मनातनं काढून टाक. प्राणिशास्त्र, भूगोल, पर्यावरणशास्त्र यातलं काहीही घे, पण नोंदवही लिहायची सवय आत्तापासून लाव.

नान्नजला आता माळढोक दिसत नाही म्हणतात. मग तिथं तुम्ही कशाचं शूटिंग करता? (निवृत्त बँक कर्मचारी, विजापूर रोड, सोलापूर)

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय, थोडं लांबवतो.

सोलापूरचे पक्षीअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७२ च्या सुमारास नान्नजच्या माळावर माळढोक पक्षी आहे हे लोकांपुढं आणलं. १९७९ ला अभयारण्य झालं आणि ते कागदावर एवढं मोठं झालं की विचारू नका, ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले तालुकेच्या तालुके, लोकांची शेतं, गावं सगळं आलं. जमिनीचे व्यवहार अडले, लोक पक्ष्यावरच चिडले, आणि चिडणार नाहीत तर काय करतील. पुढं क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर पक्षी पण कमी झाला होता. मादी वर्षाला सहसा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्यात नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं आणि या पक्ष्याला उडताना समोरचं नीट दिसत नाही, त्याची नजर बाजूला चांगली, त्यामुळं विजेच्या तारा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आता देशात उरलेत ते दीडशेच्या आसपास, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. आपल्याकडं दिसला तर पेपरात बातमी येते, अशी गत.

मग मी काय शूट करतो? माळ शूट करतो. हसू नका. त्याच जागेवर, त्याच उंचीवर ट्रायपॉड लावून दर महिन्याला तीच फ्रेम. पवन्या गवत किती आलं, कुठं चरलं गेलं, कुठं गिरिपुष्पाची झाडी दाट झाली. ही गिरिपुष्पाची लागवड चांगल्या हेतूनं झाली असेल, पण माळावरच्या पक्ष्याला झाडी नकोच असते, त्याला लांबवर दिसायला पाहिजे. लोकांना वाटतं झाड लावलं म्हणजे पुण्य, आणि गवताळ माळ म्हणजे पडीक. सातबाऱ्यावर "पोटखराब" लिहिलेल्या जमिनीवर लांडगा, खोकड, तरस, काळवीट, धाविक, चंडोल असं सगळं गोकुळ नांदत असतं, हिवाळ्यात भोवत्या ससाणे हजारो किलोमीटरवरनं येऊन तिथल्या गवतात रात्रीचा मुक्काम करतात.

आणि एक गोष्ट बघायची असेल तर पखुर्डी बघा. उन्हाळ्यात सकाळी हे पक्षी पाणवठ्यावर उतरतात. पिल्लं असलेला नर नुसता पाणी पिऊन उडत नाही, तो पोटापर्यंत पाण्यात शिरतो, बसल्या बसल्या अंग डावी-उजवीकडं हलवतो, पोटाची पिसं पिंजारून भिजवून घेतो. त्याची पोटाची पिसं पाणी धरून ठेवायलाच बनलेली आहेत. मग तो तसाच उडत माळावर जातो आणि पिल्लं त्याच्या पोटाखाली येऊन पिसं चोखून पाणी पितात. हे मी स्लो मोशनमध्ये, सेकंदाला १२० फ्रेम्सनं घेतलंय, वर्गात दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरच्या पोरांनी पण मोबाईल खाली ठेवले. माळढोक नाही म्हणून माळ रिकामा, असं म्हणणाऱ्यांना मी हीच क्लिप पाठवतो.

कॅमेरा कुठला घ्यावा? बजेट कमी आहे. (बरेच जण)

आहे तो मोबाईल घ्या. आडवा धरा, ट्रायपॉडला नाहीतर दगडाला टेकवा, झूम करू नका आणि निदान अर्धा मिनिट हलवू नका. सुरुवातीला तोंडानं तारीख, वेळ, गावाचं नाव बोला. झालं. पैसे असतील तर आधी चांगला ट्रायपॉड घ्या, मग माईक, त्याला वाऱ्याची केसाळ टोपी (आपल्या माळावर वारा असा की टोपीशिवाय नुसतं घोंऽघों येतं), आणि सगळ्यात शेवटी लेन्स. दुकानदार उलट क्रमानं विकतो. नदीवर शूट करणार असाल तर एक पोलरायझर फिल्टर घ्या, पाण्यावरची चमक जाऊन खालची मासळी आणि शेवाळ दिसतं.

मामा लोकांचा प्रश्न : तुम्ही लांडगा लई भारी म्हणून दाखवता. आमची मेंढरं जातात त्याचं काय? तुमच्या व्हिडिओनं पोट भरत नाही. (मेंढपाळ, माढा तालुका, मुलानं टाईप करून पाठवलंय)

मामा, नमस्कार. तुमचा राग बरोबर आहे आणि मी त्यावर शहाणपण शिकवणार नाही, कारण लांडगा मला जितका दिसतो त्याच्या दसपट तुम्हाला दिसतो. मला लांडगा दाखवणारे बहुतेक वेळा तुमच्यातलेच कोणीतरी असतात. मेंढरं कुठल्या बाजूला कान टवकारून बघत्यात हे एका म्हाताऱ्या मामांनी मला दाखवलं, त्या बाजूला कॅमेरा लावला आणि वीस मिनिटांत जोडी आली.

मेंढरू गेलं तर वनखात्याकडनं भरपाई मिळते, हे तुम्हाला माहीत असेल पण पुष्कळांची केस एवढ्यासाठी जाते की उशिरा कळवलं किंवा मेलेलं जनावर हलवलं. ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवा, जनावर जिथं पडलंय तिथंच राहू द्या, पंचनामा होईपर्यंत मुलाला मोबाईलवर फोटो काढून ठेवायला सांगा, आजूबाजूच्या पायाच्या ठशांचा पण काढा, शेजारी काडेपेटी ठेवून, म्हणजे ठसा केवढा ते कळतं. इथं माझं काम तुमच्या कामी येऊ शकतं. काही वेळा नाव लांडग्याचं होतं आणि काम मोकाट कुत्र्यांच्या टोळीचं असतं, ट्रॅप कॅमेऱ्यात (समोरनं जनावर गेलं की आपोआप चालू होणाऱ्या) हे दिसलंय. कुत्र्यांचा ताप लांडग्यालाही आहे, त्यांच्याकडनं रेबीज आणि डिस्टेंपर लांडग्यांत जातो, आणि कुत्र्याशी संकर होतो तो वेगळाच.

वाघर, म्हणजे रात्री मेंढरांभोवतीची जाळी, बांधताना तुम्ही जी काळजी घेता ती मी शूट केलीय, कोकरं मधोमध, कुत्री बाहेर, माणूस कडेला. ही फिल्म लांडग्याची कमी आणि तुमची जास्त आहे. आणि एक शब्द देतो, पिल्लांची ढोल, म्हणजे बीळ, कुठं आहे हे मी कधीच सांगत नाही. हिवाळ्यात पिल्लं होतात, त्या काळात ढोलीच्या जवळ पण फिरकत नाही, क्लिप पण काही महिन्यांनी टाकतो. ढोलीत धूर करणारे आणि ढोलीसमोर गाडी लावून फोटो काढणारे, दोघांनाही पत्ता नको.

ड्रोननं नदीचे शॉट भारी येतात, तुम्ही वापरता का? परवानगी लागते का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, बार्शी)

लागते. ड्रोनसाठी २०२१ चे नियम आहेत, नकाशावर हिरवा-पिवळा-लाल असे भाग आहेत आणि आपल्याकडं होटगी रोडला विमानतळ आहे, त्यामुळं उडवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी साईटवर जागा तपासायचीच. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला बऱ्याच सवलती आहेत, पण अभयारण्यात कुठलाच ड्रोन असा मनानं उडवता येत नाही. साध्या कॅमेऱ्यानं अभयारण्यात फिल्म करायलाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, अर्ज करा, वाट बघा, मिळते.

मी ड्रोन फार कमी वापरतो. पक्ष्याला वरनं येणारी कुठलीही घरघरती वस्तू म्हणजे शिकारी पक्षी वाटतो. मार्च ते मे मध्ये नदीतल्या वाळूच्या बेटांवर नदी सुरय आणि टिटव्या अंडी घालतात, अंडं वाळूवर उघडं असतं, चव्वेचाळीस डिग्रीत आई-बाप आळीपाळीनं त्यावर सावली धरून उभे राहतात, टिटवी तर पोट भिजवून येऊन अंडी गार करते. तुझ्या ड्रोननं ते उठले आणि दहा मिनिटं परत आले नाहीत तर अंडं उकडलं म्हणून समज. लाईक किती आले ते मग बघ.

तुम्ही उजनीचे फ्लेमिंगो टाकता, पण त्या पाण्याबद्दल बोलत नाही. आम्ही तेच पाणी पितो. (गृहिणी, जुळे सोलापूर)

ताई, बोलतो की. तेच पाणी मी पण पितो, तेही चार-पाच दिवसांनी नळाला आलं की.

भीमा भीमाशंकरला उगवते आणि ८६१ किलोमीटर वाहून रायचूरजवळ कृष्णेला मिळते. वाटेत पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतनं तिच्यात येतं आणि हे सगळं उजनीत येऊन थांबतं. १९८० ला धरण पूर्ण झालं. ११७ टीएमसीचं धरण, त्यातलं निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टीएमसी, मृत साठा, म्हणजे तळाशी उरणारं पाणी, आणि शून्य टक्के मोजतात ते त्याच्या वरनं. म्हणून तर आपल्याकडं "उजनी मायनसमध्ये गेली" असं म्हणतात, बाहेरगावच्या माणसाला हे कळतच नाही की धरणात पाणी शून्याच्या खाली कसं जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. धरण जेवढं आटतं तेवढा काठाचा उथळ चिखल वाढतो, त्यात शेवाळ आणि किड्यांच्या अळ्या, आणि रोहित म्हणजे फ्लेमिंगो त्यावरच जगतो, चोच उलटी करून चिखल गाळत फिरतो. म्हणजे ज्या वर्षी शेतकऱ्याच्या आणि तुमच्या-माझ्या तोंडचं पाणी पळालेलं असतं त्या वर्षी फ्लेमिंगोचे फोटो एकदम झकास येतात. मी फ्लेमिंगोच्या क्लिपखाली हल्ली त्या दिवशीची धरणाची पातळी लिहितो. नुसता गुलाबी पक्षी दाखवला तर अर्धंच सांगितल्यासारखं होतं. मासेमारी करणारे सांगतात पूर्वी कितीतरी जातीचे मासे मिळायचे, आता जाळ्यात चिलापीच जास्त, मी त्यांचं बोलणं पण रेकॉर्ड करतो, कारण पाण्याचा इतिहास त्यांच्याइतका कोणाला पाठ नाही.

होडीत बसून बघायला जाणाऱ्यांना एक विनंती. होडीवाल्याला "उडव की जरा, फोटो पाहिजे" म्हणू नका. तो बिचारा इंजिन बंद करून बांबूनं होडी ढकलत असतो ते पक्षी बसून राहावेत म्हणून, आणि मागनं गिऱ्हाईक शिट्ट्या मारतंय. दिवसात दहा होड्यांनी दहादा उडवलं की पक्ष्यानं खाल्लेलं सगळं उडण्यातच जातं.

रोज तीच नदी शूट करून कंटाळा येत नाही का? कोण बघतं असले व्हिडिओ? (शिक्षक, अक्कलकोट)

कंटाळा येतो आणि कोणी बघत नाही, दोन्ही खरं आहे. तरी करतो.

पुणे रस्त्यावर लांबोटीला सीनेच्या पुलापाशी लोक चिवडा घ्यायला थांबतात, मी पण घेतो, पण आधी पुलावरनं एक मिनिटाची क्लिप घेतो. पुलाचा तोच खांब, तीच फ्रेम. विजापूर रोडला वडकबाळच्या पुलावरनं पण तसंच. उन्हाळ्यात तिथं वाळू उपसलेले खड्डे, वेड्या बाभळी, मधे एक हिरवं डबकं आणि म्हशी. बघायला काहीच नाही. मग २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला जो पूर आला, करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर, गावं पाण्यात, हायवे बंद, तेव्हा सगळ्यांनी पुराचे व्हिडिओ काढले. पण पाणी नेहमीपेक्षा किती वर आलं हे दाखवायला त्याच जागेवरचा कोरड्या दिवसांचा व्हिडिओ लागतो, तो कोणाकडंच नव्हता. माझ्या विद्यार्थ्यांनी दोन्ही क्लिप शेजारी-शेजारी लावल्या, खांबावरच्या खुणेवरनं पातळी काढली आणि त्यांच्या प्रोजेक्टचं काम झालं. कंटाळवाण्या क्लिपचं सोनं असं एकदमच होतं, पण त्यावर तारीख आणि जागा लिहिलेली असेल तरच.

तुम्ही अक्कलकोटला शिकवता, तुमच्या शाळेजवळच्या ओढ्याची अशी फ्रेम पोरांकडनं चालू करा, आठवड्यातनं एकदा बास. आणि सहल काढायची तर हत्तरसंग कुडलला काढा, सीना आणि भीमेचा संगम तिथं आहे, शके ९४० चा मराठी शिलालेख आहे, इतिहासाचे सर पण खूश होतील. पावसाळ्यात दोन नद्यांच्या पाण्याचा रंग वेगळा असला की पोरांना काठावर उभं करून विचारा, कुठल्या नदीच्या वर पाऊस झालाय सांगा. पुस्तकातनं हे शिकवायला तास जातो.

फुटेज साठवता कसं? माझी हार्डडिस्क गेली, सगळं गेलं. (लग्नाचे फोटोग्राफर, पंढरपूर)

भाऊ, वाईट झालं. तुम्हाला हिशोब माहीत आहेच, तरी बाकीच्यांसाठी सांगतो : फोर-के, १०० एमबीपीएसवर शूट केलं तर तासाला ४५ जीबी. तीन प्रती ठेवायच्या, त्यातली एक दुसऱ्या घरात. माझी एक मेव्हण्याकडं आहे, दिवाळीला फराळाबरोबर डिस्कची पण अदलाबदल होते. पत्र्याखालच्या खोलीत डिस्क ठेवू नका, आपला उन्हाळा माणसाला झेपत नाही, डिस्कला काय झेपणार. फाईलला "बेस्ट शॉट फायनल २" असलं नाव नको, तारीख-गाव-प्राणी असं द्या. आणि आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात तुम्ही दरवर्षी कॅमेरा घेऊन असताच, घाटाच्या पायऱ्यांना पाणी कुठवर आहे त्याची एक क्लिप घेऊन ठेवा, उजनीतनं पाणी सोडायच्या आधीची एक आणि नंतरची एक. तुमच्याकडं असं जुनं काही असेल तर मला खरंच पाहिजे.

वहिनी काही म्हणत नाहीत का? (नाव नको)

म्हणतात. छापण्यासारखं नाही.

एकदा तुमच्याबरोबर यायचंय. कधी, काय आणायचं? (कॉलेजची पोरं, सोलापूर)

या, पण चार-पाच जणंच, आणि हुरड्याच्या दिवसातला रविवार सोडून, त्या दिवशी माळाच्या कडेनं गाड्यांची लाईन असते. मळकट रंगाचे फुल बाह्यांचे कपडे, बूट, स्वतःचं पाणी, टोपी. सेंट-परफ्युम मारून येऊ नका, लांडग्याच्या नाकाला ते लांबनं कळतं. मोबाईल सायलेंट, रिल माळाच्या बाहेर आल्यावर. पहिले दोन तास कोणी काही बोलायचं नाही आणि "कधी येणार ओ सर" विचारायचं नाही, कारण मला माहीत नसतं. नोंदवही आणि पेन ज्याच्याकडं नाही त्याला गाडीत घेत नाही.